नरहर : एका पारंपरिक नावाची व्युत्पत्ती आणि अर्थविचार
(कुरुंदा परिसराच्या संदर्भात)

विशेषनामाला अर्थ असतो की केवळ निर्देश असतो, हा प्रश्न भाषाविचारात जुना आहे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने विशेषनाम व्यक्तीकडे बोट दाखवते, तिचे वर्णन करीत नाही. ‘भीमराव’ नावाचा मनुष्य कृश असू शकतो आणि ‘गोरोबा’ काळा असू शकतो. त्यामुळे नाव खोटे ठरत नाही. तथापि साहित्याच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही अर्थ असतो, नाव ऐकणारा आपल्या परीने त्यातून काही अर्थ काढतो, आणि नाव धारण करणारा आपल्या कर्तृत्वाने त्याला तिसराच अर्थ देऊन जातो. या तीन अर्थांची गल्लत झाली की नावावरून काढलेली अनुमाने चुकतात. प्रस्तुत लेखात ‘नरहर’ या एका पारंपरिक मराठी नावाच्या आधारे हे तीन अर्थ वेगळे करून पाहावयाचे आहेत.

हेच नाव निवडण्याला कारण आहे. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे. या गावाचे नाव महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात सर्वपरिचित झाले ते एका आडनावामुळे, आणि त्या आडनावाच्या अलीकडे जे नाव उभे आहे ते ‘नरहर’ हे होय. नरहर अंबादास कुरुंदकर (१९३२–१९८२) या नावातील प्रत्येक घटक मराठवाड्याच्या सांस्कृतिक भूगोलाशी बांधलेला आहे. शिवाय नामदेवांशी निगडित असलेले नरसी आणि विसोबा खेचरांशी निगडित असलेले औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने याच जिल्ह्यात आहेत. विष्णुवाचक नाव आणि शिवोपासक व्यक्ती यांचे जे विलक्षण नाते पुढे दिसणार आहे, त्याच्या दृष्टीने हा परिसर अर्थपूर्ण ठरतो.

१. ‘नरहरि’ या संस्कृत शब्दाची घडण

‘नरहर’ हे मराठी रूप संस्कृत ‘नरहरि’ या सामासिक शब्दापासून आले आहे. त्यातील ‘नर’ हे पद स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो ‘हरि’ या पदाचा. आज मराठी माणसाला ‘हरि’ म्हटले की विष्णू किंवा कृष्ण एवढाच अर्थ सुचतो. संस्कृतात मात्र हा शब्द अत्यंत अनेकार्थी आहे. ‘अमरकोशा’च्या नानार्थवर्गात यम, वायू, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, सर्प, वानर, बेडूक असे अनेक अर्थ ‘हरि’ या एका शब्दाखाली नोंदविले आहेत. पिंगट किंवा हिरवट-पिवळा वर्ण हा या शब्दाचा एक मूळ अर्थ असल्यामुळे त्या वर्णाच्या प्राण्यांना तो लागला, हे सहज समजण्यासारखे आहे. ‘नरहरि’ या समासात ‘हरि’ म्हणजे सिंह. म्हणून ‘नरहरि’ आणि ‘नरसिंह’ हे शब्द समानार्थी आहेत. बाराव्या शतकात जयदेवाने ‘गीतगोविंदा’तील दशावतारवर्णनात नृसिंहावतारासाठी ‘नरहरि’ हाच शब्द योजला आहे, यावरून ही समानार्थकता त्या काळी किती रूढ होती हे ध्यानात येते.

येथे समासाचा विचार थोडा बारकाईने करावयास हवा. ‘नरसिंह’ या शब्दाचा विग्रह दोन प्रकारे होतो. पाणिनीने व्याघ्रादी शब्दांशी होणारा उपमित समास सांगितला आहे. त्यानुसार ‘पुरुषव्याघ्र’ म्हणजे वाघासारखा पुरुष, तसा ‘नरसिंह’ म्हणजे सिंहासारखा नर, पुरुषश्रेष्ठ. हा राजांना आणि वीरांना शोभणारा अर्थ आहे. सातव्या शतकातील पल्लव राजा नरसिंहवर्मा किंवा होयसळ घराण्यातील नरसिंह नावाचे राजे यांच्या नावात दैवताच्या स्मरणाबरोबर या वीरवाचक अर्थाचाही ध्वनी आहे. दुसरा अर्थ अवताराचा. तेथे उपमा नाही. जो प्रत्यक्ष अर्धा नर आणि अर्धा सिंह आहे तो नरसिंह. एक अर्थ गुणवाचक आहे, दुसरा कथावाचक आहे.

‘नरहरि’ या पर्यायाने यात तिसऱ्या अर्थाची भर घातली. ‘हरि’चा सिंह हा अर्थ मराठीत मागे पडला आणि विष्णू हा अर्थ तेवढा उरला, त्यामुळे ‘नरहरि’ म्हणजे ‘नररूप धारण करणारा हरी’ असा विग्रह शक्य झाला. मूळ समासात विष्णूचे नाव नव्हतेच, विष्णूच्या एका रूपाचे वर्णन होते. मराठी कानाला मात्र त्यात विष्णूचे नाव थेट ऐकू येऊ लागले. ‘नरसिंह’ या शब्दातून हा लाभ होत नाही. भक्ताच्या दृष्टीने ‘नरहरि’ हे नाव उच्चारणे म्हणजे अनायासे हरिनाम घेणे ठरले. उग्र दैवताचे नाव सौम्य होऊन घरोघर पोचले, त्याचे एक कारण या शब्दबदलात आहे.

पर्यायाच्या निवडीमागे छंदाची सोयही असते. ‘नरहरि’ या शब्दात चारही अक्षरे लघू आहेत. ‘नरसिंह’ किंवा ‘नृसिंह’ या शब्दांत मधले अक्षर गुरू आहे. मात्रावृत्तात लिहिणाऱ्या कवीला चार लघूंचा शब्द हाताशी असणे सोयीचे असते. दैवताच्या अनेक नावांपैकी काव्यात कोणते रूढ होते, याचा निर्णय भक्तीइतकाच वृत्तही करीत असते.

२. ‘नरहरि’पासून ‘नरहर’पर्यंत

मराठीत या नावाची ‘नरहरी’ आणि ‘नरहर’ अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. पहिल्यातील अंत्य ईकार हा मराठीच्या लेखनपद्धतीला धरून आहे. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहिले जातात. दुसऱ्या रूपात मात्र अंत्य इकार लोपलाच आहे.

हा लोप मराठीच्या प्रकृतीला धरून आहे. ‘रात्रि’चे ‘रात’, ‘मुष्टि’चे ‘मूठ’, ‘अग्नि’चे ‘आग’ झाले ते प्राकृताच्या मार्गाने. पण पुढच्या काळात थेट संस्कृतातून घेतलेल्या शब्दांतही ही प्रवृत्ती चालू राहिली. ‘रीति’ची ‘रीत’, ‘जाति’ची ‘जात’, ‘गति’ची ‘गत’ ही याची उदाहरणे होत. विशेषनामांतले सर्वांत जवळचे उदाहरण ‘मुरारि’ या नावाचे आहे. मुर या दैत्याचा अरि तो मुरारि. पण मराठ्यांच्या इतिहासात भेटतात ते मुरार जगदेव आणि मुरारराव घोरपडे. ‘मुरारि’चे ‘मुरार’ होते त्याच न्यायाने ‘नरहरि’चे ‘नरहर’ होते. म्हणून ‘नरहर’ हे वेगळे नाव नसून ‘नरहरि’चेच मराठी वळणाचे रूप आहे, याविषयी शंका राहू नये. ‘हरी’ आणि ‘श्रीहरी’ या नावांत मात्र हा लोप झालेला नाही. नित्याच्या नामस्मरणाने ती रूपे जागती ठेवली, आणि ‘हरी’चा इकार गेला असता तर ते नाव शिववाचक ‘हर’शी एकरूप झाले असते.

‘नरहर’च्या बाबतीत नेमके हेच घडले. अंत्य इकार गेल्यावर शब्दाचा उच्चार बदलला. ‘नरहरी’ हा शब्द बोलताना ‘नर-ह-री’ असा तीन अवयवांत उच्चारला जातो. ‘नरहर’ हा शब्द ‘नर्-हर्’ असा दोन समान अवयवांत पडतो. दोन्ही अवयव सारख्या वजनाचे, दोन्ही ‘र’ने संपणारे, आणि दोन्ही मराठीत स्वतंत्र अर्थ असणारे. अशा वेळी ऐकणारा त्या शब्दाची नवी फोड करतो. ‘नर’ अधिक ‘हर’ अशी ही फोड आहे. तिला ‘हरिहर’ या नावाचा आधार मिळतो, कारण तेथे ‘हर’ म्हणजे खरोखरच शिव आहे. दुसऱ्या बाजूने ‘मनोहर’ या नावाचाही आधार मिळतो; मन हरण करणारा तो मनोहर, तर नर हरण करणारा तो नरहर, अशी विपरीत फोडही संभवते. संस्कृतच्या नियमाने पाहिले तर ‘नरहर’ या शब्दाचा अर्थ खरोखर तसाच होईल, आणि तो कोणताही पिता आपल्या मुलाला देणार नाही. यावरूनच ‘नरहर’ हा संस्कृत समास नव्हे, तो मराठी ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम आहे, हे सिद्ध होते.

अशा लौकिक व्युत्पत्तीला चूक म्हणून बाजूला सारण्याची अभ्यासकांची रीत आहे. शब्दाचा उगम सांगताना ती चूकच असते. पण शब्दाचे पुढचे जीवन सांगताना ती पुरावा असते. समाजाला एखाद्या नावात काय ऐकावेसे वाटले, हे त्या चुकीतून कळते.

३. एक दैवत, तीन नामपंक्ती

नृसिंहाची उपासना महाराष्ट्रात प्राचीन आहे. विदर्भातील रामटेक येथे वाकाटककाळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन मंदिरे आहेत. भीमा-नीरा संगमावरील नीरा नरसिंहपूर, कृष्णाकाठचे कोळे नरसिंहपूर आणि परभणीजवळील पोखर्णी ही नृसिंहाची प्रसिद्ध क्षेत्रे होत. मराठवाड्याच्या पूर्वेस तेलंगणात गोदावरीकाठी धर्मपुरी आहे, आणि पुढे यादगिरीगुट्टा, अहोबिलम, सिंहाचलम अशी क्षेत्रांची मालिका आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. एका राज्यात राहिलेल्या मराठी आणि तेलुगू समाजांत दैवतांची आणि नावांची देवघेव होणे स्वाभाविक होते. मराठवाड्यातील अनेक देशस्थ कुटुंबांचे कुलदैवत नृसिंह आहे, आणि तेलुगूतील नरसिंहुलू, नरसय्या, नरसम्मा ही नावे मराठीतील नरसिंगराव, नरसू, नरसाबाई या नावांची शेजारीण भावंडेच आहेत.

या दैवतापासून आलेल्या मराठी नावांची मांडणी केली असता तीन पंक्ती दिसतात. पहिली पंक्ती ‘नृसिंह’, ‘नरसिंह’ अशा शुद्ध तत्सम रूपांची. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘रुक्मिणीस्वयंवर’कार नरेंद्राच्या भावाचे नाव नृसिंह होते, म्हणजे हे रूप मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळापासून प्रचारात आहे. दुसरी पंक्ती ‘नरहरी’, ‘नरहर’, ‘नरहरपंत’ अशा रूपांची; तिच्यात तत्सम आणि मराठी यांचा मेळ आहे. तिसरी पंक्ती ‘नरसिंग’, ‘नरसू’, ‘नरसोजी’, ‘नरसोबा’ अशा लोकरूपांची. ‘सिंह’चे प्राकृतात ‘सीह’ होते. ‘नरसीह’पासून हकार जाऊन ‘नरसी’ हे रूप होते. गुजरातचे भक्तकवी नरसिंह मेहता लोकांच्या तोंडी ‘नरसी’च राहिले.

हिंगोली जिल्ह्यातील ‘नरसी’ या ग्रामनामाचा या रूपाशी असलेला ध्वनिसंबंध उघड आहे. पण येथे सावधगिरी हवी. व्यक्तिनामाची व्युत्पत्ती सांगणारा नियम ग्रामनामाला जसाच्या तसा लावता येत नाही. ग्रामनामे पुष्कळदा झाडांवरून, दगडांवरून, पाणवठ्यांवरून पडलेली असतात, आणि पुढे त्यांना देवाची कथा जोडली जाते. ‘कुरुंदा’ या नावाचीही गोष्ट तीच. मराठीत ‘कुरुंद’ हा शब्द धार लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका कठीण दगडाचा वाचक आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे ध्वनीने जवळचे नाव आहे. एवढ्या साम्यावरून गावाच्या नावाचा निर्णय करणे शास्त्रीय होणार नाही. त्यासाठी ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे यांतील जुनी रूपे हाती यावी लागतात. नुसते ध्वनिसाम्य हे व्युत्पत्तीचा आरंभ असते, शेवट नव्हे.

४. ‘नरहरी’ म्हणजे ‘नृसिंह’ : गुरुचरित्राची साक्ष

नामधारकाच्या नावाचा मूळ अर्थ परंपरेला ठाऊक होता काय, या प्रश्नाचे उत्तर ‘गुरुचरित्रा’त सापडते. दत्त संप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचा जन्म विदर्भातील कारंजा येथे झाला. ग्रंथात त्यांचे जन्मनाम शाळिग्रामदेव आणि व्यवहारातील नाव नरहरी असे सांगितले आहे. पुढे काशीस कृष्ण सरस्वतींकडून त्यांनी संन्यास घेतला, तेव्हा त्यांचे नाव नृसिंह सरस्वती झाले. पूर्वाश्रमीचा ‘नरहरी’ संन्यासात ‘नृसिंह’ होतो, याचा अर्थ दोन्ही शब्दांची समानार्थकता गुरुपरंपरेला अवगत होती. व्यवहारासाठी एक रूप आणि संन्यासासाठी दुसरे, अशी ही निवड आहे.

याच चरित्राचा तिसरा टप्पा लोकांनी घडविला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जेथे या गुरूंचे वास्तव्य झाले, त्या स्थानाला ‘नृसिंहवाडी’ म्हणतात. पण लोकांच्या तोंडी ती ‘नरसोबाची वाडी’ आहे. म्हणजे कारंज्याच्या घरात नरहरी, मठात नृसिंह आणि नदीकाठच्या यात्रेत नरसोबा, अशा वर सांगितलेल्या तिन्ही पंक्ती एकाच व्यक्तीच्या नावात एकत्र आल्या आहेत. नावाचे रूप व्यक्ती बदलल्याने बदललेले नाही. नाव घेणारा समाज आणि नाव घेण्याचा प्रसंग बदलल्याने ते बदलले आहे.

५. शिवोपासक नरहरी

आता या नावाच्या सर्वांत विचारणीय अंगाकडे वळावयाचे आहे. नाव विष्णूचे, म्हणून नामधारक वैष्णव, असे अनुमान वाङ्मयेतिहासात अनेकदा केले जाते. ‘नरहरी’ नावाच्या दोन प्रसिद्ध आख्यानांत हे अनुमान सपशेल कोसळते.

पहिले आख्यान संत नरहरी सोनार यांचे. महिपतीच्या ‘भक्तविजया’त ते आले आहे. नरहरी हे पंढरपुरात राहणारे कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे दर्शनही घ्यावयाचे नाही असा त्यांचा निश्चय. विठ्ठलासाठी सोन्याचा कटदोरा घडविण्याचे काम त्यांच्याकडे आले. माप काही केल्या जुळेना. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले आणि मूर्ती हाताने चाचपू लागले, तेव्हा हाताला शिवाची चिन्हे लागली. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल, बांधावी तर हाताखाली शंकर. या अनुभवातून हरी आणि हर यांचे ऐक्य त्यांना पटले.

दुसरे आख्यान ‘गुरुचरित्रा’तील हिपरग्याच्या नरहरी कवीचे. हा कवी कल्लेश्वर या शिवलिंगाचा उपासक होता. कल्लेश्वरावाचून दुसऱ्या कोणावर काव्य करावयाचे नाही, असा त्याचा नेम होता. म्हणून गुरूंवर काव्य करण्यास त्याने नकार दिला. पुढे पूजेच्या वेळी लिंगाच्या ठिकाणी त्याला गुरूंचे दर्शन झाले आणि तो शरण आला.

दोन्ही कथांची रचना सारखी आहे. दोन्ही ठिकाणी नरहरी नावाचा भक्त शिवाशी एकनिष्ठ आहे, दोन्ही ठिकाणी त्याची निष्ठा दुसऱ्या दैवताला नकार देते, आणि दोन्ही ठिकाणी तो नकार विरघळतो. या कथांतील विरोध तीव्र होतो तो नावामुळे. ज्याच्या नावातच हरी आहे तो हरीचे मुख पाहत नाही, हा त्या कथेचा गाभा आहे. आणि ज्या मानवी गुरूंना कवी नाकारतो त्यांचेही पूर्वाश्रमीचे नाव नरहरीच आहे. कथा रचणाऱ्यांनी हे हेतुपूर्वक साधले असेल किंवा नसेल. पण श्रोत्याच्या कानावर हा विरोध पडल्यावाचून राहत नाही. ‘नर’ आणि ‘हर’ अशी फोड मराठी कानाने का स्वीकारली असावी, याचे एक उत्तर येथे मिळते. परंपरेत या नावाभोवती हरिहरऐक्याच्या कथा आधीच गुंफल्या गेल्या होत्या. व्याकरणाने ज्या फोडीला आधार नाही तिला कथेने आधार दिला.

हा प्रकार हिंगोली परिसराला परका नाही. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचे नाव विष्णूच्या नावाशी जोडले जाते, पण गुरूपदेशाची कथा घडते ती औंढा नागनाथाच्या शिवमंदिरात. पंढरीच्या विठ्ठलाचा भक्त ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री येऊन ज्ञान घेतो. मराठवाड्यातील वारकरी परंपरा शैव भूमीवर उभी राहिली, याची जाणीव ठेवूनच येथील नावे वाचली पाहिजेत. नाव ठेवताना कुलदैवत, पूर्वजाचे नाव, नवस, जन्मनक्षत्राचे अक्षर अशी अनेक कारणे असतात. बारशाला आत्या मुलाच्या कानात जे नाव सांगते, ते त्या मुलाच्या भावी उपासनेचे प्रतिज्ञापत्र नसते.

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा लागतो. जुन्या हस्तलिखितांत ‘नरहरि’ हा शब्द आला की तो कवीची नाममुद्रा आहे की देवतेचे नाव, हे प्रथम ठरवावे लागते. क्रियापद, विभक्ती आणि चरणातील स्थान पाहूनच हा निर्णय करता येतो. ‘म्हणे’ या क्रियापदाचा कर्ता म्हणून शेवटच्या चरणात आलेला ‘नरहरी’ आणि संबोधनात आलेला ‘नरहरी’ हे एक नव्हेत. दुसरे असे, की नरहरी, नृसिंह, नरसिंह ही रूपे एकाच व्यक्तीची असू शकतात, आणि उलट एकाच रूपाचे अनेक कवी असू शकतात. राजनिघंटु हा वैद्यककोश रचणारा पंडितही नरहरीच, आणि मध्वाचार्यांचे शिष्य नरहरितीर्थही नरहरीच. केवळ नावावरून कवींची एकरूपता किंवा त्यांचा संप्रदाय ठरविणे धोक्याचे आहे.

६. नरहर अंबादास कुरुंदकर : नावाचा तिसरा अर्थ

विसाव्या शतकात ‘नरहर’ हे नाव मराठी सार्वजनिक जीवनात ठळकपणे दिसते. काकासाहेब म्हणून प्रसिद्ध असलेले नरहर विष्णु गाडगीळ (१८९६–१९६६) आणि समीक्षक व चरित्रकार नरहर रघुनाथ फाटक (१८९३–१९७९) ही दोन नावे सहज आठवतात. मात्र आद्याक्षरांच्या प्रथेमुळे ते ‘न. वि.’ आणि ‘न. र.’ या रूपांतच अधिक वावरले. पूर्ण ‘नरहर’ हे नाव वाचकांच्या तोंडी बसले ते कुरुंदकरांचे.

त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे झाला. हे त्यांचे आजोळ. ‘मुक्तमयूरांची भारते’ लिहिणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा होत. आडनाव मात्र कुरुंद्याचे. जन्माचे गाव आणि नावाचे गाव ही दोन्ही आज हिंगोली जिल्ह्यात आहेत; १ मे १९९९ रोजी हा जिल्हा परभणीतून वेगळा होईपर्यंत ती परभणी जिल्ह्यात होती. गावाला ‘कर’ प्रत्यय लावून आडनाव करण्याची मराठी रीत अशी, की गाव सुटले तरी आडनाव सुटत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन आणि पुढे प्राचार्यपद, असे त्यांचे आयुष्य नांदेडला गेले. कुरुंदा त्यांच्या नावात राहिला.

या पूर्ण नावाची फोड केली तर तीन निर्देश मिळतात. ‘नरहर’मध्ये विष्णूचा अवतार, ‘अंबादास’मध्ये देवीची उपासना, ‘कुरुंदकर’मध्ये गाव. माहूरची रेणुका आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांच्या प्रदेशात पित्याचे नाव अंबादास असावे आणि नृसिंहोपासनेच्या प्रदेशात पुत्राचे नाव नरहर असावे, हे त्या भूमीला साजेसेच आहे. म्हणजे हे नाव श्रद्धेच्या भूगोलातून आले आहे. पण नामधारकाने जाहीरपणे नास्तिकतेचा पुरस्कार केला, मनुस्मृतीची कठोर चिकित्सा केली, आणि परंपरेचा गाढ अभ्यास हा परंपरेला शरण जाण्याचा मार्ग नसून तिला प्रश्न विचारण्याचा मार्ग आहे, हे आपल्या लेखनातून दाखविले. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘मागोवा’, ‘धार आणि काठ’ ही त्यांची ग्रंथनामे ज्या वाचकाला ठाऊक आहेत, त्याच्या मनात ‘नरहर’ या शब्दाने हिरण्यकशिपूची कथा जागी होत नाही. त्याच्या मनात एक वक्ता, एक शिक्षक, एक तर्कपद्धती उभी राहते.

अशा ठिकाणी चरित्रकाराला एक मोह होतो. नावाचा मूळ अर्थ नरसिंह, म्हणून नामधारक विचारवंतांतला सिंह, अशी वाक्ये गौरवग्रंथांत सहज लिहिली जातात. ही वाक्ये व्युत्पत्तीचा उपयोग अलंकारासाठी करतात. त्यांनी नावाचाही अभ्यास होत नाही आणि माणसाचाही होत नाही. नावाने माणूस घडविला असे मानणे म्हणजे नामधारकाच्या परिश्रमाचे श्रेय बारशाला देणे होय. प्रत्यक्षात दिशा उलटी आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी कुरुंदकरांचे निधन झाले तोपर्यंत त्यांनी या जुन्या नावाला, त्याच्या एका अक्षरातही बदल न करता, नवा अर्थ दिलेला होता.

७. समारोप

व्युत्पत्ती विसरली गेली तरी नाव जगते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. स्कॉटलंडमधील ‘लॅकलन’ हे पारंपरिक नाव गेलिक भाषेतील ‘लोख्लन’ या शब्दाशी निगडित आहे. तो शब्द समुद्रापलीकडच्या नॉर्स लोकांच्या देशाचा वाचक होता. परदेशाचे ते नाव पुढे स्कॉटिश कुळांचे स्वतःचे नाव झाले. तेथे परका शब्द आपला झाला. ‘नरहर’च्या बाबतीत आपलाच शब्द आपल्याच भाषेत अर्थाने वेगळा झाला. दोन्ही ठिकाणी नावाचा अर्थ उगमाशी थांबत नाही.

वरील विवेचनावरून ‘नरहर’ या नावाचे तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला व्युत्पत्तीचा : नर आणि सिंह यांचे एकत्र रूप. हा निश्चित आहे, आणि ‘मुरारि–मुरार’ या उदाहरणाने त्याचे मराठी रूपही निश्चित होते. दुसरा परंपरेने ऐकलेला : हरी आणि हर यांचे सान्निध्य. व्याकरणाच्या दृष्टीने तो अप्रमाण आहे. पण नरहरी सोनार आणि हिपरग्याचा कवी यांच्या आख्यानांनी त्याला सांस्कृतिक प्रामाण्य दिले आहे. तिसरा नामधारकांनी मिळवून दिलेला. तो शब्दकोशात सापडत नाही, ग्रंथालयात सापडतो.

यांपैकी पहिल्या अर्थावरून तिसऱ्याचे अनुमान करणे, म्हणजे नावावरून माणसाची श्रद्धा, संप्रदाय किंवा वृत्ती ठरविणे, ही अभ्यासातील चूक आहे. आणि नावावरून जात व धर्म ताडण्याची सवय जेथे आहे त्या समाजात ती केवळ अभ्यासातील चूक राहत नाही. पंढरपूरच्या नरहरीने नावाविरुद्ध शिवाची पूजा केली, कुरुंद्याच्या नरहराने नावाविरुद्ध देवच नाकारला, आणि मराठी परंपरेने दोघांचीही नावे आदराने जपली. आज नवजात मुलांची नावे ठेवताना ‘नरहर’ हे नाव क्वचितच कोणी सुचविते. अशी नावे व्यवहारातून जात असताना त्यांची रूपे, त्यांचे लाडके उच्चार आणि त्यांच्यामागची कुलदैवते यांची नोंद गावोगावच्या वृद्धांकडून करून घेणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे. कुरुंदा, नरसी, औंढा या तीन गावांपासून त्याचा आरंभ करता येईल.